जेठापुढची लेझीम

शहाद्यात पाडव्याच्या शोभायात्रेत पुढे कोण चालणार, यावरून दरवर्षी भांडण होतं. यंदा ते झालंच नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

नववर्ष स्वागत समितीच्या बैठकीत उमाकांत पाटलांनी टेबलावर हात आपटून जाहीर केलं, "यंदा सगळ्यात पुढे बाया चालतील. लेझीम खेळत. आणि त्या आमच्या गल्लीच्या असतील!" टाळ्या पडल्या. उमाकांत पाटील म्हणजे गल्लीचे नाना. भाऊबंदकीतले सगळ्यात थोरले, पांढऱ्या मिशांचे, केळीच्या बागांचे मालक. टाळ्या ओसरल्यावर ते म्हणाले, "आणि बायांच्या पुढे झेंडा घेऊन मी." त्यालाही टाळ्या पडल्या. बैठकीत एकही बाई नव्हती, नाहीतर त्याच क्षणी एखादीनं कपाळाला हात लावला असता.

कारण त्या गल्लीत राहणारी घरं सगळी एकाच कुळाची. नाना सगळ्यांत मोठे, म्हणजे गल्लीतल्या अर्ध्या बायांचे ते जेठ, म्हणजे थोरले दीर, आणि उरलेल्यांचे सासरे. आणि या जुन्या घरांत जेठासमोर सुनेनं चेहरा उघडा टाकायचा नाही, त्याच्या पुढून चालायचं नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही. नव्या सुनांना अलीकडे थोडी सूट मिळाली होती. पण ती सूट मागच्या तारखेपासून लागू नव्हती. जुन्या सुनांचं जे होतं ते तसंच चालू.

नानांच्या धाकट्या भावाची, ईश्वरची बायको सरलाबाई ही त्या जुन्यांतली. तीस वर्षं नानांच्या घरात एका चुलीवर स्वयंपाक केला, पण नानांशी अवाक्षर बोलली नाही. ताट वाढायचं ते पदर हनुवटीपर्यंत ओढून. भाकरी हवी का ते विचारायचं नाही, ताटाकडे बघून समजून घ्यायचं. समजतही असे, हो! त्यात ती एवढी तरबेज झाली होती की नानांची भूक नानांच्या आधी तिला कळायची.

संध्याकाळी ईश्वर बैठकीची बातमी घेऊन आला. "बाया पुढे चालतीन. लेझीम खेळतीन. नानानी सांगं."

सरलाबाई पीठ मळता मळता उठूनच उभी राहिली. हाताला कणीक तशीच. लेझीम! अहो, माहेरी, प्रकाशा गावच्या शाळेत असताना तापीकाठच्या मैदानावर पंधरा ऑगस्टला लेझीम व्हायची, आणि शिट्टी कोणाच्या गळ्यात असायची? सरलाच्या. तिनं शिट्टी फुंकली की अख्खी शाळा एका पायावर वळायची. लग्न झालं आणि ती शिट्टी सुटली. आता पन्नाशी ओलांडली, सून आली, तरी गणपतीत कुठं लेझमीचा आवाज आला की पोळी लाटता लाटता तिचा पाय आपोआप ठेका धरायचा. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, आपल्या गावाच्या मेन रोडवर उघड्या तोंडानं शिट्टी फुंकत लेझीम खेळायची, एवढीच तिची हौस होती. ती तिनं कोणाला सांगितली नव्हती, कारण सांगून काय उपयोग?

"आन पुढे नाना ऱ्हातीन. झेंडा लिसन," ईश्वर म्हणाला.

सरलाबाई खाली बसली. "मंग आम्ही लेझीम कशी खेळसूत? जेठनी पुढे?"

ईश्वरनं डोकं खाजवलं. हे त्याच्याही लक्षात आलं नव्हतं.

"तुम्हीन नानाले सांगा ना, मांगे चाला म्हनीसन."

"सांगस ना. त्यामा काय शे!" म्हणत ईश्वर ताठ मानेनं ओटीवर गेला. घटकाभरानं परत आला तेव्हा मान तेवढी ताठ नव्हती.

"काय म्हने नाना?"

"पानीना जारनं काम माले दिन्हं."

"आन आपली गोठ? मांगे चालानी?"

"ती ऱ्ही गयी," ईश्वर म्हणाला, आणि हात धुवायला निघून गेला. बिचारा भावासमोर उभा राहिला की त्याच्या तोंडून "हो नाना" याशिवाय दुसरं काही निघतच नसे. नवरा असा असल्यावर बाईनं करायचं काय?

मग सरलाबाईनं घरातला जुना मार्ग काढला. जेठाशी बोलायचं नसलं तरी जेठाला ऐकू जाईल असं तिसऱ्याशी बोलायला कोणाची बंदी नव्हती. सकाळी नाना परसदारी भिंतीपलीकडे चहा घेत बसायचे. अलीकडे म्हैस बांधलेली. सरलाबाईनं कडबा टाकता टाकता आवाज चढवला, "वं बाई, तूच सांग, जेठ पुढे चालना ते बायास्नी लेझीम कशी खेळानी?"

भिंतीपलीकडे बशी वाजली. नाना खाकरले. मग त्यांनीही म्हशीलाच उत्तर दिलं, "म्हैसले सांगा, काही भ्यायचं काम नही. गर्दी ऱ्हास, पोरेसोरे ऱ्हातस. मी पुढे शे ना!"

म्हैस रवंथ करत राहिली. तिला दोघांचंही पटलेलं दिसत होतं.

शेवटी दामिनी उठली. दामिनी म्हणजे सरलाबाईची सून, धुळ्याची, बी.एड. झालेली, आणि बोलायची सूट असलेली. "आई, तुम्ही बसा. मी सरळ सांगते." डोक्यावर पदर घेऊन ती नानांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "नाना, तुम्ही पुढे असलात की बायकांना संकोच होतो."

नानांचे डोळे पाणावले. खरंच पाणावले! "पोरी, मला माहीत आहे. रस्त्यावर नाचायचं म्हणजे घरंदाज बाईला संकोच व्हायचाच. म्हणून तर मी पुढे चालतोय. नाना पुढे असताना कोणाची बिशाद आहे वाकडं बघायची? आता तर मी झेंडा दुसऱ्या कोणाच्या हाती देणारच नाही."

दामिनी परत आली आणि भांडी घासायला बसली. सरळ सांगण्याचा मार्गही असा वळून जाईल, हे बी.एड.ला शिकवलेलं नव्हतं.

पण तालीम थांबली नाही. रोज दुपारी गच्चीवर वीसेक बाया जमायच्या. शेजारची जसोदाबाई तर गुडघ्याला मलम चोळून यायची. शिट्टी सरलाबाईच्या गळ्यात. एक आखूड शिट्टी म्हणजे सुरू, एक लांब म्हणजे थांबा, दोन म्हणजे मागे फिरा, तीन म्हणजे उजवीकडे. "नानाचं काय करायचं?" कोणी विचारलं की सरलाबाई म्हणायची, "मी बघते." काय बघणार होती ते तिलाच ठाऊक नव्हतं. रोज रात्री निजताना तिला वाटायचं, उद्या नानांचा पाय मुरगळावा, फार नाही, थोडासाच. मग लगेच जीभ चावून देवाची माफी मागायची.

पाडवा उजाडला. घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या, साखरेच्या गाठी लटकल्या, कडुनिंब चावून सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. दामिनीनं सगळ्यांना नऊवारी नेसवली आणि लेझीम खेळताना सुटू नये म्हणून पदर कमरेला खोचून एवढ्या सेफ्टी पिना मारल्या, की वाऱ्याची काय, वादळाचीही टाप नव्हती. वर चंद्रकोर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. सरलाबाईनं आरशात पाहिलं आणि स्वतःलाच ओळखलं नाही. छान दिसत होती, खोटं कशाला बोला!

यात्रा निघाली. सगळ्यात पुढे भिला रिक्षावाल्याची भोंगा लावलेली रिक्षा, "नूतन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा" कानठळ्या बसतील अशा आवाजात ओरडत. तिच्यामागे फेटा बांधलेले नाना, दोन्ही हातांनी झेंडा धरून. त्यांच्यामागे लेझीमवाल्या बाया. बायांमागे डोंगरातल्या मोलगीकडून आलेला बाज्या आणि त्याचे जोडीदार, अंगाएवढे ढोल घेऊन. काठी गावची होळी गाजवून पंधरवडाच झाला होता, अजून हात शिवशिवत होते त्यांचे. त्यांच्यामागे शाळेची मुलं, घोड्यावर झाशीची राणी झालेली एक मुलगी, सजवलेले ट्रॅक्टर आणि सगळं गाव.

बाज्यानं ढोलावर टिपरी टाकली. सरलाबाईनं शिट्टी ओठांना लावली, आणि तेवढ्यात सगळं ठीक आहे ना बघायला नाना वळले.

वीस हात डोक्याकडे गेले. पदर कुठे होता? पदर कमरेला, पिनांच्या कैदेत! काय करावं सुचेना. सरलाबाईच्या तोंडून आपोआप दोन शिट्ट्या निघाल्या, आणि वीस बाया गर्रकन फिरून नानांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. नानांना दिसले फक्त वीस अंबाडे, त्यावर गजरे. पुढचे फिरले म्हणून बाज्या फिरला. बाज्या फिरला म्हणून शाळा फिरली. झाशीची राणी घोड्यासकट फिरली.

रस्त्याकडेच्या लोकांनी टाळ्या पिटल्या. "काय स्टेप बसाडी वं माय!"

नानाही खूश झाले. पुढे वळले. बाया परत सरळ झाल्या, पण लेझीम काही हातातून उठेना. पाठ असली तरी ती जेठाची पाठ. बँकेपाशी नाना पुन्हा वळले. पुन्हा वीस अंबाडे, पुन्हा टाळ्या. त्यानंतर नानांच्या मनात आलं, की झेंडेवाल्यानं सारखं मागे बघणं शोभत नाही. त्यांनी मान समोर केली ती केलीच. हे बायांना कसं कळणार? त्या आपल्या श्वास रोखून, लेझीम छातीशी धरून, वरातीतल्या पाहुण्यांसारख्या चालत होत्या.

मधल्या चौकात बाज्यानं सरलाबाईला गाठलं. "बाई, वाजवू की नको? नुसता ढोल उचलून हात दुखायला लागला. आमच्याकडे होळीला बाया ढोलाच्या पुढे नाचतात, तुमच्याकडे काय नुसत्या फिरतात?"

झालं! सरलाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. एवढे दिवस गच्ची तुडवली, जसोदाबाईच्या गुडघ्याच्या दोन ट्यूब संपल्या, आणि मेन रोड असाच मुकाट संपणार? उजवीकडे सराफ गल्ली दिसत होती. अरुंद, सावलीची, आणि मुख्य म्हणजे तिच्यात जेठ नव्हता. तिनं तीन शिट्ट्या फुंकल्या.

बाया उजवीकडे वळल्या. बाज्या त्यांच्यामागे, शाळा बाज्यामागे, राणी, ट्रॅक्टर, गाव, सगळं सराफ गल्लीत शिरलं. लोक लेझमीमागे जातात, झेंड्याकडे कोण बघतो? नाना सरळ मेन रोडनं निघून गेले. पुढे भिलाचा भोंगा ओरडत होता, आणि रिक्षाच्या आरशाला पाडव्याचा हार गुंडाळलेला, त्यामुळे भिलालाही मागचं काही दिसत नव्हतं.

आणि सराफ गल्लीत काय लेझीम झाली म्हणता! बाज्याचा ढोल घुमला तशा खिडक्या उघडल्या. सरलाबाई पुढे, तोंड उघडं, मान वर. एक पाय पुढे, कमरेतून वाक, छातीशी छनक, डोक्यावर छनक. घाम डोळ्यांत जात होता तरी ती डोळे मिटत नव्हती; तिला सगळ्यांना बघायचं होतं आणि सगळ्यांनी आपल्याला बघावं असं वाटत होतं. जसोदाबाई गुडघा विसरली. वरच्या गॅलरीतून म्हातारी तापीबाई झेंडूच्या पाकळ्या टाकत ओरडली, "वाजाड वं सरला! वाजाड!" सरलाबाईला रडू फुटलं, आणि रडता रडता तिचा ठेका एकदाही चुकला नाही. इतका आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

सराफ गल्ली बसस्टँडच्या चौकात, वळसा घेऊन आलेल्या मेन रोडला पुन्हा मिळते. लेझीम छनकत तिथे बाहेर पडली आणि सरलाबाईनं समोर पाहिलं.

रिकामा मेन रोड. मधून भिलाची रिक्षा. तिच्यामागे फेटा, झेंडा, नाना. आणि नानांच्या मागे एक कुत्रं, तेही थोडं अंतर ठेवून. नाना मात्र हजारभर माणसं मागे असल्याच्या थाटात येत होते. दोन्हीकडच्या दुकानदारांना मान लववून शुभेच्छा देत होते. दुकानदार पोट धरून हसत होते. "नाना, फौज कोठे गयी?" कोणी ओरडलं. भोंग्यात नानांना ऐकू गेलं नाही. त्यांनी त्यालाही हात केला.

बाया हसल्या. सरलाबाईही हसली. आणि हसता हसता तिला एक जुनी गोष्ट आठवली. तिचे वडील वारले तेव्हा नाना तिच्याआधी प्रकाशाला पोचले होते, तिच्या आईपाशी जमिनीवर बसून राहिले होते. हे तिला दुसऱ्यांकडून कळलं. त्याबद्दल दोन शब्द बोलायचे होते. ते आजतागायत बोलता आले नव्हते. आणि तो माणूस आज रस्त्यानं एकटा चाललाय, सगळं गाव हसतंय, आणि त्याला ठाऊकच नाही!

"आई, मी जाते," दामिनी म्हणाली. पण सरलाबाई सुटली होती. लेझीम जसोदाबाईच्या हातात कोंबून ती तडक रिक्षापुढे जाऊन उभी राहिली. भिलानं ब्रेक मारला. तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसा त्यानं भोंगाही बंद केला.

"नाना!" सरलाबाई म्हणाली. "थांबा!"

नाना थांबले. घरातल्या सुनांच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही म्हणून आयुष्यभर ते बायांना पायांवरून ओळखत आलेले. सवयीनं त्यांची नजर खाली गेली. पांढरे कॅनव्हासचे बूट. असले पाय त्यांच्या ओळखीत नव्हते. म्हणून त्यांनी मान वर केली आणि तिच्या घामानं लाल झालेल्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. झेंडा काखेत धरून अदबीनं हात जोडले.

"बोला ताई. तुम्ही कोणत्या मंडळाच्या?"

चौकातलं हसणं थांबलं. ईश्वर पाण्याचा जार घेऊन धावत येत होता, तोही जागीच थिजला. तीस वर्षं एका घरात, आणि या माणसानं आपलं तोंडच पाहिलेलं नाही! राग यावा की रडू, सरलाबाईला कळेना.

"मी सरला," ती म्हणाली. "तुम्हना घरनी."

नानांच्या मिशा हलल्या. सवयीनं ते ईश्वरकडे वळले, "ईश्वर, तिले इचार..." आणि मध्येच थांबले. परत तिच्याकडे वळले.

"मन्हा मांगे कोनीच नही का?"

"कोनी नही, नाना."

"कव्हयपासून?"

"मधला चौकपासून. मीच सगळास्ले गल्लीमा लई गऊ."

नानांनी मागे वळून रिकामा रस्ता पाहिला. कुत्रं शेपूट हलवत उभं होतं. "मंग लोके माले हाशी ऱ्हायंतात?"

"हा."

"आन माले सांगं नही कोनी!"

"सांगी कोन?" सरलाबाईचा आवाज चढला. "तुम्ही पुढे ऱ्हायनात ते आमनी लेझीम उठस नही, हे सांगानं व्हतं. म्हैसले सांगं, ह्यास्ले सांगं, दामिनीले धाडं. तुम्हले कसं सांगू? आम्ही तुम्हनाशी बोलतसच नही!"

फेट्याखालून घाम ओघळला तो नानांनी पुसला नाही.

"मंग आते सांग," ते म्हणाले.

"सांगू?"

"सांग."

"तुम्ही मांगे चाला."

नानांनी झेंडा खांद्याला टेकवला आणि निघाले. बायांच्या रांगेजवळून जाताना कोणीच पाठ फिरवली नाही, फिरवायला जागाच नव्हती. उलट नानांनीच मान खाली घातली आणि सगळे पांढरे बूट बघत बघत ते बाज्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "वाजाड," ते बाज्याला म्हणाले.

सरलाबाईनं शिट्टी फुंकली. मेन रोडवर लेझीम छनकली, आणि पाठीमागून जेठ बघत होता तरी कोणाचा हात अडला नाही.

राममंदिर येईपर्यंत नाना ढोलाच्या आवाजावर ओरडून दिसेल त्याला सांगत होते, "ती शिट्टीवाली दिसस ना? आम्हना घरनी शे. सरला!" बाजारात रोज तिला बघणारे लोक म्हणायचे, "हा नाना, वळखतस ना आम्ही तिले." आणि दरवेळी नाना चालता चालता थबकून विचारायचे, "तुम्ही वळखतस?"